भट्टीच्या पोटातील पांढरा दगड

सुरत म्हटले की मराठी माणसाच्या मनात प्रथम इतिहास उभा राहतो, त्यामागोमाग जर, रेशीम आणि हिरे, आणि शेवटी यंत्रमागांचा अखंड खडखडाट. खानदेशातून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने जाऊन उधना, लिंबायत, पांडेसरा ह्या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर हे शहर कधीच परके राहिलेले नाही. परंतु ह्याच शहराच्या पश्चिमेस, तापी जेथे समुद्रास मिळते त्या हजिरा येथे, पोलादाचा एक प्रचंड कारखाना उभा आहे. १९९० नंतरच्या दशकात तो उभारला गेला आणि २०१९ च्या डिसेंबरात त्याची मालकी आर्सेलर मित्तल व निप्पॉन स्टील ह्या दोन परदेशी कंपन्यांच्या संयुक्त व्यवसायाकडे गेली. तेथील भट्ट्यांत वितळलेले पोलाद ज्या पात्रांत राहते, त्या पात्रांचे आतले अस्तर कशाचे असते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पोलाद सोळाशे अंश सेल्सिअसच्याही पलीकडे तापलेले असते. लोखंडाचे पात्र घ्यावे तर ते त्यातच विरघळून जाईल. साधी वीट घ्यावी तर तीही वितळेल. मग हे धगधगते द्रव्य धरून ठेवतो कोण?

ह्या प्रश्नाचे उत्तर एका पांढऱ्या, दिसावयास अगदी सामान्य अशा दगडात आहे. त्याचे नाव मॅग्नेसाइट. तापीच्या गाळात तो सापडत नाही, सुरतेच्या पूर्वेस पसरलेल्या दक्खनच्या काळ्या पाषाणात सापडत नाही, आणि महाराष्ट्रात किंवा गुजरातेत त्याचा सांगण्यासारखा साठाही नाही. सुरतेची भट्टी चालते ती दूरदेशाहून आलेल्या ह्या दगडाच्या आधारावर.

मॅग्नेसाइट म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत मॅग्नेशियम कार्बोनेट. शुद्ध खनिजात शंभर भागांपैकी सुमारे ४८ भाग मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, व उरलेले ५२ भाग कार्बन डाय-ऑक्साइड वायू बद्ध स्थितीत असतो. म्हणजे हा दगड हातात घेतला की त्याच्या वजनातील निम्म्याहून अधिक भाग वायूचाच असतो! त्याचा रंग पांढरा, पिवळसर वा करडा असतो. चाकूने तो ओरखडता येतो. चुनखडीच्या दगडावर थंड व सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकला की तो तत्काळ फसफसतो; मॅग्नेसाइट मात्र थंड अम्लास फारसा दाद देत नाही, अम्ल तापविले तरच बुडबुडे येऊ लागतात. भूवैज्ञानिकास डोंगरावर दोन पांढऱ्या दगडांतील भेद ओळखावयाचा असला तर एवढी कसोटी पुष्कळदा पुरते. रत्नांच्या बाजारात हाच दगड निळ्या रंगात बुडवून फिरोजा म्हणून खपविला जातो, हेही येथे सांगून ठेवावयास हरकत नाही. तो सच्छिद्र असल्यामुळे रंग चांगला पितो, आणि घेणाराही बिचारा खुशीत असतो.

मॅग्नेशिया हे नाव ग्रीस देशातील थेसली प्रांताच्या एका भागावरून आले. त्याच नावातून मॅग्नेट आणि मँगॅनीज हे शब्दही निघाले, ह्यावरून जुन्या काळी किती भिन्न भिन्न दगड एकाच नावाखाली नांदत असत त्याची कल्पना येईल. अठराव्या शतकात ‘मॅग्नेशिया अल्बा’ नावाचे एक पांढरे चूर्ण पोटाच्या विकारांवर औषध म्हणून देत असत. ते मॅग्नेशियम कार्बोनेटच होते. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १७५४ साली आपल्या प्रबंधासाठी ते चूर्ण भट्टीत भाजून पाहिले. भाजल्यावर त्याचे वजन बरेच घटले. घटलेले वजन गेले कोठे, ह्याचा शोध काटेकोरपणे तराजू वापरून घेताना त्याच्या ध्यानात आले की, हवेहून निराळा असा एक वायू ह्या चूर्णात कोंडलेला असतो. त्याने त्यास ‘बद्ध वायू’ म्हटले. तोच आजचा कार्बन डाय-ऑक्साइड. ज्या वायूची चिंता आज सारे जग करीत आहे, त्याची पहिली पक्की ओळख ह्या साध्या पांढऱ्या चूर्णामुळे झाली. हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे ह्याच वायूपाशी परत यावयाचे आहे.

आता हा दगड निसर्गात बनतो कसा ते पाहू. पृथ्वीच्या कवचाखाली जे प्रावरण आहे ते मुख्यतः ऑलिव्हीन नावाच्या हिरवट खनिजाचे व त्याच्या सोबत्यांचे बनलेले आहे. ऑलिव्हीनमध्ये मॅग्नेशियम भरपूर आणि सिलिका कमी असते. भूकवचाच्या हालचालींमुळे प्रावरणातील असे खडक काही ठिकाणी पृष्ठभागापाशी ढकलले जातात. त्यांना पेरिडोटाइट, ड्युनाइट अशी नावे आहेत. हे खडक पृथ्वीच्या पोटातील उष्णतेत व दाबाखाली स्वस्थ असतात, वर आल्यावर मात्र त्यांना पाणी आणि हवा मानवत नाही. पाण्यामुळे त्यांचे सर्पेंटाइन बनते आणि कार्बन डाय-ऑक्साइड विरघळलेल्या पाण्यामुळे मॅग्नेशियम सुटे होऊन त्या वायूशी संयोग पावते. खडकातील भेगाभेगांतून मग पांढऱ्या मॅग्नेसाइटच्या शिरा पसरतात. उरलेली सिलिका गारगोटीसारख्या रूपात शेजारीच साचते.

ह्या प्रक्रियेचा उत्तम नमुना पाहावयाचा असेल तर तमिळनाडूत सेलमला जावे. शहराच्या उत्तरेस शेवरॉय डोंगरांच्या पायथ्याशी जो उजाड टापू आहे त्याला इंग्रजांनी ‘चॉक हिल्स’, म्हणजे खडूच्या टेकड्या, असे नाव दिले. वस्तुतः तेथे खडू नाही. काळपट-हिरव्या ड्युनाइटमध्ये मॅग्नेसाइटच्या पांढऱ्या शिरांचे असे दाट जाळे आहे की, दुरून सारी टेकडी चुना फासल्यासारखी दिसते. शिरा कोठे बोटाएवढ्या, कोठे हातभर जाड. त्यामुळे खाणीत मूठभर मॅग्नेसाइटसाठी टोपलीभर निरुपयोगी दगड फोडावा लागतो. तो वेगळा करण्याचे काम परंपरेने हातांनी, हातोडीने ठोकून व डोळ्यांनी पारखून होत आले. कर्नाटकात म्हैसूरजवळ दोडकन्या येथील साठाही ह्याच जातीचा आहे.

हीच क्रिया निसर्ग किती सावकाश करतो, ह्याचेही एक कोडे होते. मॅग्नेशियमचे कण पाण्यात असताना आपल्याभोवती पाण्याचे रेणू इतके घट्ट धरून ठेवतात की, साध्या तापमानास त्यांना कार्बोनेटशी जोडी जमविणे फार कठीण जाते. म्हणून प्रयोगशाळेत थंड पाण्यातून मॅग्नेसाइट मिळविण्याचे प्रयत्न दीर्घकाळ फसत राहिले; पाणी धरून ठेवणारी दुसरीच खनिजे हाती येत. कॅनडातील इयन पॉवर ह्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी पॉलिस्टायरीनचे अतिसूक्ष्म गोळे वापरून साध्या तापमानास ७२ दिवसांत मॅग्नेसाइटचे स्फटिक मिळविले. २०१८ साली ह्या कामाची जगभर चर्चा झाली. सुरतेहून अरबी समुद्र ओलांडला की लागणाऱ्या ओमान देशात तर हे काम निसर्ग उघड्यावर करीत आहे. तेथे प्रावरणातील खडकांची एक विस्तीर्ण पट्टी जमिनीवर आलेली असून तिच्या भेगा पांढऱ्या कार्बोनेटांनी भरल्या आहेत. हवेतील वायू दगडात कायमचा बांधून टाकण्याची ही नैसर्गिक रीत मनुष्यास वेगाने करता येईल काय, ह्याचे प्रयोग तेथे चालले आहेत.

मॅग्नेसाइट बनण्याचा दुसरा मार्ग अगदी निराळा आहे. समुद्रतळाशी साचलेल्या चुनखडीच्या किंवा डोलोमाइटच्या थरांतून मॅग्नेशियमयुक्त उष्ण पाणी झिरपले म्हणजे त्या थरातील कॅल्शियम हळूहळू बाहेर पडते व त्याच्या जागी मॅग्नेशियम येऊन बसते. अशा रीतीने बनलेले मॅग्नेसाइट ठळक स्फटिकांचे असते व त्याचे साठे शिरांच्या स्वरूपात नसून जाड थरांच्या स्वरूपात असतात, म्हणूनच ते फार मोठे असतात. ऑस्ट्रियातील फाइच, रशियाच्या उरल प्रदेशातील सात्का, आणि चीनच्या ल्याओनिंग प्रांतातील अवाढव्य साठे ह्याच प्रकारचे. आपल्या देशात कुमाऊँमधील अल्मोडा, बागेश्वर व पिठोरागढ भागांतील हिमालयाच्या कुशीत असे थर आहेत. तिसरा मार्ग सरोवरांचा. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील कुनवरारा येथे गाळात गाठींच्या रूपाने मॅग्नेसाइट मिळते. तुर्कस्तानातील साल्दा सरोवराच्या काठचे पांढरे खडक मॅग्नेशियमच्या कार्बोनेटांचेच आहेत, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत मंगळावर उतरलेल्या अमेरिकन यानाने ज्या विवराचा शोध चालविला आहे, त्याच्याशी ह्या सरोवराचे साम्य असल्यामुळे शास्त्रज्ञ तेथे वारंवार जातात.

सुरतेच्या दृष्टीने सर्वांत मनोरंजक गोष्ट मात्र ह्याहून खोलवरची आहे. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिरे सुरतेच्या कारागिरांच्या हातांखालून जातात. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. तो प्रावरणात दीडशे किलोमीटरहून अधिक खोलीवर तयार होतो. परंतु तेवढ्या खोलीवर कार्बन असतो तरी कोणत्या रूपात? प्रयोगशाळेत प्रचंड दाब देऊन पाहिल्यावर असे आढळले की, इतर बहुतेक कार्बोनेटे जेथे टिकाव धरीत नाहीत किंवा रूप बदलतात, तेथे मॅग्नेसाइट टिकून राहते. सुमारे अडीच हजार किलोमीटर खोलीच्या दाबापर्यंत त्याची रचना कायम राहते. म्हणून पृथ्वीच्या पोटात कार्बन साठवून ठेवणाऱ्या खनिजांत त्याचे स्थान मोठे मानतात. कार्बोनेटातील प्राणवायू योग्य परिस्थितीत काढून घेतला गेला की उरतो तो कार्बन, आणि त्यातून हिऱ्याचा स्फटिक वाढू शकतो. दक्षिण आफ्रिकेतील फिन्श खाणीच्या एका हिऱ्यात बंदिस्त झालेला मॅग्नेसाइटचा कण १९९६ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला, तेव्हा ह्या तर्कास एक साक्षीदार मिळाला. कारागिराच्या दृष्टीने हिऱ्यातील असा कण म्हणजे केवळ डाग. तो टाळून पैलू पाडावयाचे. भूवैज्ञानिकास मात्र त्या डागापुढे उरलेला हिरा फिका वाटतो!

आता खाणीतून निघालेल्या दगडाचे पुढे काय होते? तो भाजतात. भाजण्याच्या प्रमाणावर त्याचा सारा उपयोग अवलंबून असतो. सातशे ते हजार अंशांपर्यंत भाजला तर वायू निघून जातो व हलका, चटकन रासायनिक क्रिया करणारा मॅग्नेशिया उरतो. धंद्यात त्याला कॉस्टिक मॅग्नेशिया म्हणतात. हाच दगड पंधराशे अंशांच्या पुढे, दोन हजारांच्या आसपास नेऊन दीर्घकाळ भाजला तर त्याचे कण एकमेकांस चिकटून घट्ट, जड व उदासीन होतात. ह्याला ‘डेड-बर्न्ट’, म्हणजे जणू निष्प्राण होईपर्यंत भाजलेला, असे म्हणतात. हे नाव अगदी सार्थ आहे, कारण पाणी लागले तरी तो सहसा हालत नाही. ह्या मॅग्नेशियाचा वितळबिंदू सुमारे २,८५० अंश सेल्सिअस आहे. एक टन असा माल मिळविण्यासाठी दोन टनांहून थोडा अधिक शुद्ध दगड लागतो. बाकीचे सर्व धुराड्यातून निघून जाते.

पोलादाच्या धंद्यात ह्या दगडाचा प्रवेश कसा झाला ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात बेसेमरच्या भट्टीत पोलाद स्वस्तात होऊ लागले, पण ज्या खनिजात फॉस्फरस असे त्याचे पोलाद ठिसूळ निघे, आणि युरोपातील बहुतेक लोहखनिजांत फॉस्फरस होताच. फॉस्फरस काढावयाचा तर भट्टीत चुना घालावयास हवा. पण भट्टीचे अस्तर होते सिलिकेच्या विटांचे, म्हणजे अम्लधर्मी. चुना त्या विटाच खाऊन टाकी. लंडनच्या पोलीस न्यायालयात कारकुनी करून रात्री रसायनशास्त्र शिकणाऱ्या सिडनी गिलख्रिस्ट टॉमस ह्या तरुणाने हे ओळखले की, अस्तरच चुन्याच्या जातीचे, म्हणजे अल्कधर्मी करावयास हवे. त्याने व त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट ह्याने भाजलेल्या डोलोमाइटचे अस्तर करून १८७९ साली मिडल्सबरो येथे ते सिद्ध करून दाखविले. टॉमस १८८५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तला. दरम्यान १८८१ साली कार्ल श्पेटर ह्यास ऑस्ट्रियातील फाइच येथे मॅग्नेसाइटचा साठा आढळला, आणि डोलोमाइटहून अधिक टिकाऊ अशा विटा पोलादवाल्यांच्या हाती आल्या. पुढे जवळजवळ सर्व जग ऑस्ट्रियाच्या ह्या दगडावर विसंबून राहिले. १९१४ साली महायुद्ध पेटले, आणि इंग्लंड-अमेरिकेच्या भट्ट्यांचा हा पुरवठा एका दिवसात तुटला. अमेरिकनांना वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया ह्या आपल्याच राज्यांत घाईघाईने खाणी खोदाव्या लागल्या.

हजिऱ्याच्या भट्टीकडे आता पुन्हा वळावयास हरकत नाही. तेथे नैसर्गिक वायूच्या साहाय्याने लोहखनिजातील प्राणवायू काढून सच्छिद्र लोह तयार करतात व ते विद्युत् प्रज्योतीच्या भट्टीत वितळवितात. सच्छिद्र लोहात खनिजाबरोबर आलेली सिलिका असतेच. ती काढण्यासाठी चुना घालावा लागतो, आणि मळीचे प्रमाण वाढते. ही मळीच अस्तराची खरी वैरीण. ती वितळलेल्या पोलादावर तरंगते आणि जेथे भिंतीस टेकते तेथे विटा झिजवू लागते. तिला मॅग्नेशियाची भूक असते, आणि ती भूक ती विटा खाऊन भागविते. म्हणून शहाणा भट्टीवाला मळीत आधीच भाजलेला डोलोमाइट किंवा मॅग्नेशिया घालून तिचे पोट भरतो; तृप्त मळी विटांच्या वाटेस फारशी जात नाही. मोठमोठ्या रासायनिक समीकरणांनी जे सांगावयाचे ते एवढेच आहे. डोलोमाइटच्या बाबतीत मात्र गुजरात सुदैवी आहे. छोटा उदेपूरच्या खाणी त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

मॅग्नेशियाच्या विटेत दोन मोठे दोष असतात. ती तापल्यावर फार फुगते, त्यामुळे उष्णता एकदम वाढली किंवा उतरली की तडकते. आणि मळी तिच्या छिद्रांतून आत शिरते. १९७० नंतरच्या दशकात जपानी तंत्रज्ञांनी तिच्यात ग्रॅफाइट मिसळून ह्या दोन्ही दोषांवर तोड काढली. ग्रॅफाइट वितळलेल्या मळीने भिजत नाही व उष्णता भराभर वाहून नेते. आज विद्युत् भट्टीचे अस्तर, तसेच पोलाद वाहून नेणाऱ्या लेडल नावाच्या प्रचंड पात्रांचा मळीच्या पातळीचा पट्टा, बहुधा अशा मॅग्नेशिया-कार्बन विटांचा असतो. पण ग्रॅफाइटही हवेत जळतो, तेव्हा त्याच्या रक्षणासाठी अॅल्युमिनियमसारख्या धातूंची पूड मिसळावी लागते. शिवाय ‘निष्प्राण’ भाजलेला असला तरी मॅग्नेशिया दमट हवेत व पाण्याच्या वाफेत हळूहळू पाणी शोषून फुगतो आणि विटेचा भुगा होतो. समुद्रकाठच्या सुरतेचा पावसाळा ज्याने अनुभविला आहे त्यास विटांचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून कोरड्या गुदामात का ठेवतात ते सांगावे लागणार नाही. अस्तर पातळ होऊन लाल पोलाद भिंत फोडून बाहेर आले तर काय होईल, हे भट्टीपाशी उभे राहून काम करणारा मजूर पुरेपूर जाणतो. विटेच्या जाडीवर तेथे माणसाचा जीव टांगलेला असतो.

पोलाद सोडले तरी मॅग्नेसाइटचे इतर उपयोग थोडेथोडके नाहीत. घरातील पाणी तापविण्याच्या विजेच्या सळईत तारेभोवती जी पांढरी पूड ठासलेली असते ती मॅग्नेशियाची. उष्णता जाऊ द्यावयाची पण वीज अडवावयाची, हा दुर्मिळ गुण तिच्यात आहे. व्यायामशाळेत पट्टीचा कसरतपटू हातास जी पांढरी भुकटी चोळतो तिला सारे खडू म्हणत असले तरी ती मॅग्नेशियम कार्बोनेट असते. जनावरांच्या खाद्यात, खतांत, रबराच्या मालात, पित्तशामक औषधांत कॉस्टिक मॅग्नेशिया व त्यापासून केलेली द्रव्ये जातात. एके काळी गिरण्यांच्या वाफेच्या नळ्यांवर मॅग्नेशियम कार्बोनेट व ॲस्बेस्टॉस ह्यांचा जाड लेप असे. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांस घातक ठरल्यावर तो मागे पडला, ते योग्यच झाले. रंगाई-छपाईच्या कारखान्यांच्या अम्लधर्मी सांडपाण्यास सौम्य करण्यासाठी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड वापरता येते. चुन्याहून ते महाग पडते खरे, पण ते जास्त पडले तरी पाणी एका मर्यादेपलीकडे तिखट होत नाही, आणि गंधकाम्ल असलेल्या पाण्यात चुन्यामुळे जिप्समचा जो चिखल साचतो तो ह्याने साचत नाही.

कापडाच्या धंद्याशी तर मॅग्नेशियमचे नाते जुने आहे. सुताला खळ देताना ते कोरडे पडून तुटू नये म्हणून गिरण्या मॅग्नेशियम क्लोराइड वापरीत. पहिल्या महायुद्धापूर्वी ते जर्मनीहून येई. ते बंद पडल्यावर कच्छच्या छोट्या रणाच्या काठी खाराघोडा येथे मिठागरांतून उरलेल्या कडू पाण्यापासून ते काढण्यास सुरुवात झाली. परदेशी माल तुटला की आपल्या पायाखालच्या वस्तूची आठवण होते, ह्याचा हा आपल्याकडील पहिला धडा म्हणावा.

तो धडा पुरता गिरविला गेला असे मात्र म्हणता येत नाही. भारतात मॅग्नेसाइट आहे. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोच्या नोंदींप्रमाणे त्याचा सर्वांत मोठा साठा उत्तराखंडात व त्याखालोखाल तमिळनाडूत आहे. पण सेलमच्या दगडात सिलिका मिसळलेली, आणि कुमाऊँच्या दगडात चुना व लोह जास्त. पूर्वीच्या साध्या भट्ट्यांना असला माल चाले. आजच्या मॅग्नेशिया-कार्बन विटेस ९७-९८ टक्के शुद्धतेचा मॅग्नेशिया लागतो. म्हणून उत्तम प्रतीच्या मालासाठी आपले वीटकारखाने मुख्यतः आयातीवर, आणि त्यातही प्रामुख्याने चीनवर अवलंबून आहेत. जगातील मॅग्नेसाइटच्या उत्पादनापैकी निम्म्याहून बराच अधिक वाटा एकट्या चीनचा, आणि त्यातील फार मोठा भाग एका ल्याओनिंग प्रांताचा. २०१७ साली तेथील सरकारने प्रदूषणाच्या कारणास्तव भट्ट्या बंद केल्या व खाणींतील सुरुंगांवर निर्बंध घातले, तेव्हा जगभर मॅग्नेशियाचे भाव भडकले आणि पैसे देऊनही माल मिळेना. १९१४ साली ऑस्ट्रियाच्या बाबतीत जे झाले त्याचीच ही धाकटी आवृत्ती. एक टन पोलादामागे उच्चतापसह द्रव्ये लागतात ती दहा-पंधरा किलोच. पण तेवढी नसतील तर तो टनभर पोलाद निघतच नाही.

मग उपाय काय? एक उपाय सुरतेच्या दारातच हेलकावत आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते. पाण्यात चुना मिसळला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा साका खाली बसतो. तो धुऊन भाजला की अत्यंत शुद्ध मॅग्नेशिया मिळतो. इंग्लंड, आयर्लंड, जपान ह्या देशांनी ह्या रीतीने कारखाने चालविले. हिशेब केला तर टनभर मॅग्नेशियासाठी, काही वाया न जाता, साडेचारशे घनमीटरहून अधिक समुद्र उपसावा लागतो, म्हणजे खर्च आला. आपल्याकडे विशाखापट्टणच्या बाजूस असा कारखाना निघाला होता, पण तो पुढे बंद पडला. त्यापेक्षा मीठ काढून घेतल्यावर उरणारे कडू पाणी वापरणे सोयीचे, कारण त्यात मॅग्नेशियम कितीतरी पटींनी दाटलेले असते. सुरत जिल्ह्याच्या ओलपाड तालुक्याच्या किनाऱ्यावर मिठागरे आहेतच. खंबायतच्या आखातापलीकडे भावनगर येथे १९५४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने कडू पाण्यातील द्रव्ये वेगळी काढण्याच्या रीतींवर दीर्घकाळ काम केले आहे. अडचण आहे ती चुन्याची व इंधनाची. त्यांचा खर्च चिनी दगडाच्या भावाखाली आणता आला पाहिजे.

खर्चाहून कठीण प्रश्न ब्लॅकच्या त्या ‘बद्ध वायू’चा आहे. निसर्गाने लक्षावधी वर्षे खपून जो वायू दगडात बांधला, तो भट्टी काही तासांत मोकळा करते. शंभर किलो शुद्ध मॅग्नेसाइटमागे ५२ किलो, आणि भट्टीच्या इंधनाचा धूर त्यावर वेगळा. समुद्राच्या पाण्यापासून मॅग्नेशिया केला तरी सुटका नाही, कारण त्यास लागणारा चुनाही चुनखडी भाजूनच मिळतो. हा वायू धुराड्यापाशी पकडण्याचे प्रयत्न युरोपात सुरू आहेत, पण ते अजून स्वस्त झालेले नाहीत. त्या मानाने सोपा मार्ग जुन्या विटांचा. भट्टीचे अस्तर बदलताना निघालेल्या विटा पूर्वी सर्रास उकिरड्यावर जात. त्यांतील मॅग्नेशिया एकदा भाजलेलाच असतो, त्यातून वायू निघावयाचा शिल्लक नसतो. आता त्या विटा वेगळ्या काढून, चिकटलेले पोलाद व मळी झाडून, दळून पुन्हा नव्या विटांत काही प्रमाणात मिसळतात. आणि जो माल विटांच्या लायकीचा उरत नाही तो भट्टीत मळीबरोबर टाकून तिची मॅग्नेशियाची भूक भागविण्यासाठी वापरतात.